मशीन न बघता मशीन ओळखणारा बिल टट, आणि गणितात 'करिअर' म्हणजे नक्की काय?

पंचवटीकर

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

परवा अकरावीच्या बॅचचं परम्युटेशन-कॉम्बिनेशन संपवलं आणि मागच्या बाकावरून एका पोराने विचारलं, सर गणितात करिअर म्हणजे एकतर क्लास काढायचा नाहीतर डेटा सायन्स, तिसरं काय असतं? वर्ग हसला, मीही हसलो, कारण मी स्वतः कॉलेज रोडला क्लासातच शिकवतो, कुठल्या तोंडाने उत्तर देणार. घरी येताना गंगेवरून (बाहेरच्यांसाठी : आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) गाडी चालवताना डोक्यात एकच माणूस घोळत होता, बिल टट.

स्पेलिंग बघून कोणी टुट्टे वाचतं कोणी ट्युट, पण उच्चार टट, कटसारखा. ट्युरिंग सगळ्यांना माहितीय, त्याच्यावर पिक्चर निघाला, ब्रिटिश नोटेवर फोटो आला. टटला ग्राफ थिअरीवाले (ग्राफ थिअरी म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित) सोडून कोणी विचारत नाही. आणि माझं मत, भांडायला तयार आहे, ब्लेचली पार्कात (दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जिथे शत्रूचे गुप्त निरोप फोडायचे ती जागा) कागद-पेन्सिलीवर झालेलं सगळ्यात भारी काम टटचं.

जन्म १९१७, इंग्लंडातलं न्यूमार्केट, वडील माळीकाम करायचे. दहाव्या वर्षी केंब्रिजच्या शाळेची स्कॉलरशिप मिळाली, पण शाळा घरापासून साधारण २९ किलोमीटर, म्हणजे नाशिकवरून रोज त्र्यंबकला शाळेत जाण्यासारखं. आईवडील म्हणाले लहान आहे, नको. एक वर्ष थांबून मग पाठवलं. पुढे केंब्रिजच्याच ट्रिनिटी कॉलेजात गेला तो केमिस्ट्रीसाठी. हे मी पोरांना मुद्दाम सांगणार आहे, कारण आमच्याकडे 'स्ट्रीम' एकदा घेतली की ती सातबाऱ्यावर चढल्यासारखी चिकटते. गणिताचे उद्योग मित्रांबरोबर चालू होतेच, त्याबद्दल कोणी विचारलं तर खाली लिहीन.

१९४१ च्या सुरवातीला ट्यूटरच्या सांगण्यावरून ब्लेचलीत गेला, तिथल्या रिसर्च सेक्शनमध्ये. एनिग्मा, म्हणजे जर्मनांचं ते जास्त प्रसिद्ध सायफर मशीन, वेगळं. जर्मनांच्या अगदी वरच्या कमांडचे निरोप, हिटलर आणि त्याच्या सेनापतींच्या मधले, ते लोरेन्झच्या मशीनवरून टेलिप्रिंटरने जायचे. त्या ट्रॅफिकला ब्लेचलीवाल्यांनी टनी नाव दिलं होतं, टनी म्हणजे टूना मासा. मशीन कसं दिसतं, आत किती चाकं, कोणालाच माहीत नाही. युद्ध संपेपर्यंत तिथे कोणी ते डोळ्यांनी बघितलंच नाही.

आता गंमत बघा. ३० ऑगस्ट १९४१, अथेन्सवरून व्हिएन्नाला एका ऑपरेटरने जवळजवळ ४००० अक्षरांचा निरोप पाठवला. पलीकडचा म्हणाला नीट आला नाही, परत पाठव. याने मशीन पुन्हा त्याच सेटिंगवर आणलं (हे सक्त मना होतं) आणि परत टाईप करायला बसला. तोच मजकूर टाईप केला असता तर काहीच बिघडलं नसतं, पण माणूस कंटाळला असणार, दुसऱ्यांदा शॉर्टकट मारले. 'निरोप क्रमांक' याला जर्मनमध्ये श्प्रुखनुमर, ते पहिल्यांदा पूर्ण लिहिलं आणि दुसऱ्यांदा नुसतं श्प्रुख-एन-आर. झालं. दोन जवळपास सारखे मजकूर, एकच किल्ली (मशीन मजकुरात मिसळतं ती अक्षरांची रांग). दोन्ही सायफर एकमेकांत मिसळले की किल्ली कटाप होते आणि उरते ती फक्त दोन मजकुरांची बेरीज. जॉन टिल्टमन नावाच्या जुन्या मुरलेल्या माणसाने दहा दिवस बसून ती बेरीज फोडली, दोन्ही मजकूर काढले आणि त्यातून शुद्ध किल्लीची जवळजवळ ४००० अक्षरं हातात आली.

पण किल्लीचं करणार काय? ती कुठल्या यंत्रातून बाहेर पडली हे कळल्याशिवाय पुढचा निरोप फुटत नाही. सेक्शनने बरंच डोकं आपटलं, काही हाती लागेना. मग ऑक्टोबरमध्ये ते कागद टटपुढे टाकले, बघ काही जमतं का. वय वर्षं २४.

किल्लीचं प्रत्येक अक्षर म्हणजे पाच फुल्या-टिंबं. टटने फक्त पहिली फुली-टिंब उचलली आणि ती रांग कागदावर ठराविक लांबीच्या ओळींत उतरवायला लागला, म्हणजे एखादं चाक फिरून फिरून तेच देत असेल तर उभ्या रांगेत पुनरावृत्ती दिसेल. लांबी किती धरायची? निरोपाआधी बारा अक्षरांची खूण पाठवत, त्यात अकरा जागी २५ अक्षरं दिसायची आणि बाराव्या जागी फक्त २३. २५ गुणिले २३ म्हणजे ५७५, चला धरू. त्याने नंतर स्वतःच सांगितलंय की यावर फारसा भरवसा नव्हता, निदान काहीतरी करताना दिसावं म्हणून बसलो. ५७५ च्या ओळींत उभं काही जुळेना, तिरपं मात्र बरंच जुळत होतं.

तिरपं म्हणजे काय ते इथे छोट्यावर दाखवतो. सात खुंट्यांचं चाक (प्रत्येक खुंटी एक फुली नाहीतर टिंब देते), पण मी ते चुकून आठाच्या ओळीत लिहिलंय :

× · · × × × · ×
· · × × × · × ·
· × × × · × · ·
× × × · × · · ×

तीन फुल्यांचा गठ्ठा बघा, दर ओळीला एक घर डावीकडे सरकतोय. म्हणजे ओळ एकाने मोठी झालीय. टटनेही एक कमी केला, ५७४ घेतले, आणि पुनरावृत्त्या उभ्या झाल्या. पण ५७४ खुंट्यांचं चाक कोण बनवेल? ५७४ म्हणजे १४ गुणिले ४१. मग ४१ च्या ओळी पाडल्या आणि कागद पुनरावृत्त्यांनी भरून गेला. पहिलं चाक सापडलं, ४१ खुंट्या.

तिथून पुढे बाकीचेही हात लागले आणि जानेवारी १९४२ पर्यंत अख्खं मशीन कागदावर उभं. बारा चाकं, सगळ्या खुंट्या मिळून ५०१. पाच चाकं प्रत्येक अक्षराला न चुकता पुढे जाणारी, पाच अडखळत जाणारी आणि ती कधी अडखळतील हे ठरवणारी दोन. नियमित चाकांना टटने ग्रीक अक्षर दिलं, काय. अडखळणाऱ्यांना साय. (पोरांना शिकवताना "हे काय चाक आहे" "हो सर काय चाक" असा गोंधळ होणार हे धरूनच चाललोय.)

युद्ध संपल्यावर हा माणूस पीएचडी करायला केंब्रिजला परत, १९४८ ला टोरांटो, १९६२ ला वॉटर्लू, जे विद्यापीठ तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. तिथे १९८५ ला रिटायर. आणि या पूर्ण काळात बायोडेटातलं सगळ्यात मोठं काम बायोडेटात लिहिता येत नव्हतं, गुप्ततेची शपथ. लोक त्याला ओळखायचे ते ग्राफ थिअरीचा बाप माणूस म्हणून. तर त्या पोराच्या प्रश्नाला हे उत्तर चालेल का सांगा.

शंकेखोर

लेख मस्त पण एक खुपलं. २५ गुणिले २३ धरून ५७५ काढले, त्यात एक कमी केला आणि योगायोगाने ४१ चा पाढा निघाला. हा तुक्का झाला ना सरळ सरळ. यात गणितज्ञ कुठे आला?

पंचवटीकर

@शंकेखोर नशीब होतंच, तोही नाकारत नाही. पण तुम्ही आणि मी त्या कागदासमोर बसलो असतो तर ५७५ जुळत नाही म्हणून कागद चुरगाळून टाकला असता. जवळजवळ ४००० टिंब-फुल्या, म्हणजे ५७५ च्या सातेक ओळी, आणि त्यात तिरपं काहीतरी जास्त जुळतंय हे नजरेत भरणं, आणि ते अपेक्षेपेक्षा जास्त आहे हे समजणं, हा तुक्का नाही. जेरी रॉबर्ट्स म्हणून त्याच ऑफिसात बसणारे एक कोडब्रेकर होते, त्यांची आठवण अशी की टट तासन् तास पेन्सिल फिरवत शून्यात बघत बसायचा आणि यांना वाटायचं हा काही काम करतो की नाही. आमच्या स्टाफरूममध्ये असं बसलं तर दुसऱ्या दिवशी एक्स्ट्रा लेक्चर लागतं.

आणि शेवटचं, पहिलं चाक सापडल्यावर त्यात सगळं काही स्वच्छ नव्हतं. ४१ ची पुनरावृत्ती मधेमधे बिघडत होती. ती का बिघडते याचं उत्तर म्हणजे दुसरं, अडखळणारं चाक. ते जागेवर थांबलं की आधीचंच चिन्ह परत येतं. नशिबाने दार सापडलं असेल हो, आतलं घर त्याने शोधलं.

सातपूरचा सम्या

ट्युरिंगच्या नोटेवरून आठवलं, नोटा छापणं हा आमच्या नाशिकरोडचा विषय आहे, टटची नोट काढायची असेल तर सांगा, वशिला लावतो 😄

तारवाले काका

पंचवटीकर सर, तुमचा लेख वाचून रात्री झोप नाही लागली. मी तार खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच टेलिप्रिंटरवर. तुमच्या फुल्या-टिंबांना आम्ही छिद्र आणि बिनछिद्र म्हणायचो. कागदाची अरुंद पट्टी, आडव्या रांगेत पाच जागा, आणि मधे बारीक छिद्रांची ओळ ती दात्याच्या चाकासाठी. पाच जागा म्हणजे दोनाचा पाचवा घात, ३२ जोड्या. इंग्रजी अक्षरं २६, मग आकडे आणि खुणा कुठे बसवणार? म्हणून शिफ्ट. आकड्यांची शिफ्ट दाबली की तीच बटणं आकडे आणि चिन्हं छापतात, अक्षरांची शिफ्ट दाबली की परत अक्षरं. पूर्णविराम म्हणजे आकड्यांची शिफ्ट, मग एम चं बटण, मग परत अक्षरांची शिफ्ट. ही शेवटची शिफ्ट लाईनीत हरवली की पुढची सगळी तार आकड्यांत, "फादर सिरियस" च्या जागी काहीतरी कंस आणि अपूर्णांक. म्हणून आमचे सिनियर सांगायचे शिफ्ट दोनदा मार, बोटं झिजत नाहीत.

जर्मन पोरंही असं करत होती का हो?

पट्टीतून पडलेल्या गोल टिकल्या आम्ही पिशवीत साठवायचो, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात वरातीवर त्याच उधळल्या. केसांतून आठवडाभर निघत होत्या.

पंचवटीकर

काका!!! तुम्ही नकळत लाखाचा मुद्दा मांडला. करत होती, हेच तर! जर्मन ऑपरेटरही शिफ्ट दोनदा मारायचे. आणि टटची पुढची चाल नेमकी यावरच उभी आहे.

मशीन कळलं तरी खुंट्या कशा लावल्यात आणि रोजच्या निरोपात चाकं कुठून सुरू झाली हे शोधायचं शिल्लक होतंच. खुंट्यांसाठी ट्युरिंगने १९४२ च्या उन्हाळ्यात हाताने करायची एक पद्धत काढली, पण तिला अंदाज आणि अंतःप्रेरणा लागायची. टटने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जी काढली ती निव्वळ मोजणीची. कल्पना अशी की अक्षर बघूच नका, एका अक्षरातून पुढच्या अक्षरात जाताना काय *बदललं* तेवढंच बघा. शिफ्ट दोनदा मारली की बदल शून्य. जोडाक्षरासारखं एकच अक्षर दोनदा आलं, बदल शून्य. साय चाकं अडखळून थांबली, त्यांचाही बदल शून्य. म्हणजे आळस, सवय आणि यंत्राची अडखळ हे सगळं एकाच बाजूला झुकतं. मग पहिल्या दोन काय चाकांच्या सगळ्या सुरवाती करून बघायच्या, ४१ गुणिले ३१ म्हणजे १२७१, आणि प्रत्येकीला टिंबं मोजायची. चुकीच्या सुरवातीला टिंबं निम्मी येतात, बरोबर सुरवातीला निम्म्याहून जराशी जास्त. त्या "जराशी" वर सगळा डोलारा.

पण काही हजार अक्षरं १२७१ वेळा हाताने कोण मोजणार, निरोप फुटेपर्यंत युद्ध संपेल. म्हणून ब्लेचलीतल्याच मॅक्स न्यूमन या गणितज्ञाने मशीनचा आग्रह धरला, आणि टॉमी फ्लॉवर्स या पोस्टाच्या, काका तुमच्याच खात्याच्या की हो, इंजिनियरने व्हॉल्व्ह लावून कोलॉसस बांधला. फेब्रुवारी १९४४ ला ब्लेचलीत कामाला लागला, सेकंदाला ५००० अक्षरं वाचायचा, युद्ध संपेस्तोवर असे दहा झाले. इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरच्या इतिहासात त्याचं नाव अगदी सुरवातीला येतं, आणि तो जन्मला टटची मोजणी करायला.

तारवाले काका

फ्लॉवर्स पोस्टखात्याचे होते हे वाचून छाती फुगली. खात्यातल्या माणसाला प्रमोशन मिळालं का नंतर?

पंचवटीकर

काका १००० पौंड बक्षीस आणि एक छोटा किताब. बांधलेल्या मशीनबद्दल त्यांनाही बोलायची बंदी. पुढचं विचारू नका.

अंबड आयटी

लॉगिन करायचा कंटाळा येतो म्हणून सहसा वाचनमात्र असतो पण आज रहावलं नाही. "सेटिंग परत तेच ठेवलं" ही चूक १९४१ मध्ये संपली असं वाटत असेल तर चुकताय. मी आधी जिथे होतो तिथे (नाव विचारू नका, जेवण चांगलं होतं) एका डिव्हाइसचा डेटा एन्क्रिप्ट करून सर्व्हरला जायचा. अल्गोरिदम एकदम कडक, ऑडिटमध्ये पास. फक्त दर निरोपाला वेगळा असायला हवा तो काउंटर कोणीतरी मेमरीत ठेवला होता, फाईलमध्ये नाही. लाईट गेली की डिव्हाइस रिस्टार्ट, काउंटर परत शून्य, आणि किल्लीची तीच रांग पहिल्यापासून सुरू. आणि लाईट आपल्याकडे किती वेळा जाते ते मी सांगायला नको. दोन पॅकेट घेतले, एकमेकांत मिसळले, आणि स्क्रीनवर अर्धं टेंपरेचर रीडिंग वाचता येत होतं. मी मॅनेजरला अथेन्सवाल्या ऑपरेटरची गोष्ट सांगितली. तो म्हणाला गोष्ट छान आहे, तिकीट टाक. तिकीट चार महिने 'लो प्रायॉरिटी' मध्ये पडून होतं.

गोधडीवाली मनी

सर तुम्ही म्हणालात गणिताचे उद्योग कोणी विचारलं तर लिहीन. मी विचारतेय. मला सायफर वगैरे झेपलं नाही पण टट हे नाव मी एका गोधडीमुळे ऐकलंय, कोणी हसू नका.

माझी भाची आर्किटेक्चरला आहे, तिने एक नकाशा आणला, एक मोठा चौरस, त्याचे २१ छोटे चौरस आणि कोणतेही दोन सारखे नाहीत. म्हणाली आत्या याची गोधडी शिव. मोठा चौरस ११२ चा, म्हणून ११२ सेंटिमीटर, बाळाची दुपट्याएवढी. वरची ओळ ५०, ३५, २७. खालची ओळ ३३, ३७, ४२. बेरीज करून बघा, दोन्ही ११२. नऊवारीचा जुना काठ ५० च्या तुकड्याला लावला. अडचण आली २ च्या तुकड्यात. दोन सेंटिमीटरचा चौरस, चारी बाजूंनी शिलाईची मार्जिन सोडली तर मार्जिनच तुकड्याएवढी होते, उलटवला की सुपारीसारखा गोळा. शेवटी तो तुकडा शिवलाच नाही, वरून टिप घालून ठिगळासारखा लावला. भाचीला सांगितलं नाहीये, ती इथे वाचत नाही.

पंचवटीकर

मनीताई, तुम्ही तर कमालच केलीत 🙏 तुमचा नकाशा हॉलंडच्या डाउवेस्टाइनचा, त्याने १९७८ मध्ये कॉम्प्युटर लावून शोधला आणि २१ पेक्षा कमी तुकड्यांत हे होतच नाही. पण हा प्रश्न लावून धरला तो टट आणि त्याच्या तीन मित्रांनी, ब्रुक्स, स्मिथ आणि स्टोन, सगळे ट्रिनिटीतले विद्यार्थी, १९३६ ते ३८ च्या सुमारास. (त्यांच्या आधी छापून आला तो बर्लिनच्या श्प्रागचा, १९३९, ५५ तुकडे. तुमच्या मशीनला सुट्टी मिळाली नसती.)

त्यांची युक्ती मला चाकांच्या युक्तीइतकीच आवडते. गोधडीतल्या प्रत्येक आडव्या शिवणीला विजेच्या जोडणीतला एक सांधा समजा. प्रत्येक चौरस म्हणजे वरच्या शिवणीकडून खालच्या शिवणीकडे जाणारी तार, सगळ्या तारांचा रेझिस्टन्स १. तुकड्याची रुंदी म्हणजे करंट, उंची म्हणजे व्होल्टेज, आणि चौरसात दोन्ही सारखे, ओहमचा नियम आपोआप पाळला. एका शिवणीला वरून जेवढी रुंदी येऊन टेकते तेवढीच खाली निघते, हा किरचॉफ. तुमच्याच गोधडीत बघा, २७ च्या खाली ८ आणि १९ आहेत ना? २७ आला, ८ अधिक १९ गेला. म्हणजे चौरस जुळवत बसायचं सोडून सर्किट काढा, सोडवा, गोधडी आपोआप निघते. १९४० मध्ये याचा पेपर आला. केमिस्ट्रीचा विद्यार्थी, शिवणकामाचा प्रश्न, विजेचं उत्तर.

शंकेखोर

बरं. तुक्का हा शब्द मागे घेतो. पण मग हे सगळं कॉम्बिनेटोरिक्स (मांडण्या आणि जोडण्यांचं गणित) झालं, आणि क्रिप्टो म्हणजे गुप्त लिपीचं काम वेगळं. दोन करिअर म्हणा की.

पंचवटीकर

@शंकेखोर दोन वाटतात मला नाही वाटत. दोन्हीकडे एकच खोड, आकार सोडून द्यायचा आणि काय कशाला जोडलंय तेवढंच बघायचं. १८८४ मध्ये टेट नावाच्या गणितज्ञाचा एक दावा होता. समजा पंचवटीत देवळं आहेत, प्रत्येक देवळातून बरोबर तीन गल्ल्या फुटतात, कुठल्याही गल्ल्या एकमेकींना ओलांडत नाहीत आणि कुठलीही दोन देवळं बंद केली तरी बाकीची एकमेकांपासून तुटत नाहीत. टेट म्हणाला, काळारामापासून निघून प्रत्येक देवळात एकदाच जाऊन परत काळारामाला येता येईलच. हे खरं असतं तर चार रंगांचा प्रसिद्ध प्रश्न (कुठलाही नकाशा चारच रंगांत रंगवता येतो का) त्यातून सुटला असता. ६२ वर्षं कोणाला खोडता आलं नाही, १९४६ मध्ये टटने ४६ देवळांची एक पंचवटी काढून दाखवली जिथे अशी प्रदक्षिणा होतच नाही. त्याच सुमारास जोड्या लावण्याचा सिद्धांत, मग स्वतःच्या नावाचा पॉलिनोमियल, मग मॅट्रॉइड. वॉटर्लूत कॉम्बिनेटोरिक्सचा वेगळा विभागच निघाला १९६७ ला.

पीएचडीच्या गाईडचं नाव शॉन वायली. हेही ब्लेचलीतले. दोघंही शपथेने बांधलेले, केबिनमध्ये बसून ग्राफवर बोलत असणार आणि भिंतीपलीकडच्याला पत्ता नाही. मला तो सीन बघायला फार आवडला असता.

जुने नाशिककर

नाशिकवर धागा आणि कापरेकरांचं नाव नाही? निषेध. देवळालीचे आमचे कापरेकर मास्तर, ६१७४ वाले, म्हणजे कुठल्याही चार आकड्यांपासून (सगळे सारखे नकोत) शेवटी येतो तो आकडा. नाशिकच्या पिनकोडचे पहिले चार आकडे घ्या, ४२२०. चढते उतरते लावून वजाबाकी, ४२२० वजा ०२२४ म्हणजे ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, ४१७६. मग ७६४१ वजा १४६७, आणि आलाच ६१७४.

पंचवटीकर

निषेध मान्य, आणि तुमच्यासाठी एक धागादोरा. अमेरिकेत सायंटिफिक अमेरिकनमध्ये मार्टिन गार्डनरचं गणिताच्या गमतींचं सदर यायचं. नोव्हेंबर १९५८ ला त्या सदरात टटने चौरसांची गोष्ट लिहिली, आणि मार्च १९७५ ला त्याच सदरात गार्डनरने कापरेकरांवर लिहिलं. एक ब्लेचलीचा, एक देवळालीच्या शाळेतला, एकाच सदरात. आपल्याकडे कापरेकरांची टिंगल व्हायची हे आमचे आजोबा सांगायचे, "आकड्यांचा खेळ मांडून बसलेत" म्हणून.

अजून एक, टट १९१७ चा, आणि आपले शरद्चंद्र श्रीखंडेही १९१७ चेच. बोस आणि पार्करबरोबर त्यांनी १९५९ मध्ये ऑयलरचं लॅटिन चौरसांबद्दलचं पावणेदोनशे वर्षं जुनं अनुमान पाडलं, न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी. नंतर मुंबई विद्यापीठात गणिताचं केंद्र उभं केलं. १०२ वर्षं जगले. त्यांच्यावर स्वतंत्र धागा काढेन, इथे सुरू झालो तर मनीताईंची गोधडी संपून दुसरी होईल.

रेवती कु

सर मी तुमच्याच बॅचची, तो प्रश्न विचारणारा मागच्या बाकावरचा माझ्या शेजारच्या सोसायटीत राहतो, त्याला लिंक पाठवली आहे, त्याने "बराच मोठा आहे, रविवारी वाचतो" असं म्हणलंय. सर चाकाचं एक उदाहरण आम्हाला सोडवायला द्या ना, उत्तर न देता.

पंचवटीकर

घ्या. एकच चाक आहे. १२ च्या ओळीत लिहिलंय पण चाक १२ चं नाही. खुंट्या किती?

× × · × · · · × · × × ·
× · · · × · × × · × · ·
· × · × × · × · · · × ·
× × · × · · · × · × × ·
× · · · × · × · · × · ·

रेवती कु

सर पहिली आणि चौथी ओळ डिट्टो सेम आहे! तीन ओळी म्हणजे ३६, चाक ३६ चं.

अंबड आयटी

पायथनमध्ये पाच ओळींचा कोड लिहिला, उत्तर माहितीय, बोलत नाही.

पंचवटीकर

रेवती, सापडायला सापडलंय, पण आता टटसमोर ५७४ आले तेव्हा त्याने काय केलं ते वर जाऊन वाच.

रेवती कु

ओह. ३६ चे अवयव. ४, ६, ९, १२, १८... करते सर, ग्राफ पेपर आणला.

सातपूरचा सम्या

मी सहा करून बघितला, नाही जमलं. आता मिसळ खाऊन येतो मग नऊ बघतो.

तारवाले काका

सर, नातवाच्या वहीचे चौकटीचे पान घेतले आणि ९ च्या ओळी पाडल्या. सहा ओळी एकसारख्या आल्या, वरून खाली सरळ. तेव्हा चाक ९ खुंट्यांचे. सातवी ओळ अर्धीच आहे, सहा चिन्हांची, आणि तिच्यात दुसऱ्या जागी फुली पाहिजे तिथे टिंब आले आहे. आधी वाटले माझेच मोजायला चुकले, चष्मा पुसून परत मोजले. तुमच्या पाचव्या ओळीतले आठवे चिन्ह बघा, टाईप करताना तुमचे बोट चुकले आहे.

पंचवटीकर

काका, बघितलं. चुकलंय. धागा आता एडिट होत नाही, राहू दे तसंच.

तारवाले काका

राहू द्या. आमच्याकडे अशा वेळी चुकलेला शब्द तेवढा तारेच्या शेवटी परत पाठवायचे. पाचवी ओळ, आठवे, फुली.

रेवती कु

मला पण तेच आलं होतं पण वाटलं सर कसे चुकतील 😐